तळ्याकाठचा बंद किल्ला

भुताखेतांचं बोलणं आमच्या घरात चालतच नाही. भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, आणि कुणी लिंबू-मिरचीचं नाव काढलं तरी आई त्या फ्रेमकडे बोट दाखवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण कुणाला तरी सांगायचं आहे...

आम्ही नाचणगावचे. पुलगावचा लष्करी डेपो जवळच. तिकडे जुना दारूगोळा उडवतात तेव्हा आमच्याकडे खिडक्या थरथरतात, फळीवरची भांडी खाली येतात. म्हणून पहिला धमाका ऐकू आला की खिडक्या सताड उघडायच्या, म्हणजे काच फुटत नाही. आई तर जमिनीवर गोधडी अंथरून तिच्यावर भांडी उतरवून ठेवते. पाहुण्यांना आम्ही वेडे वाटतो.

माझा धाकटा भाऊ सुमेध. किडनीचं दुखणं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तो पडल्या पडल्या लॅपटॉपवर गेम खेळायचा — राजे, जादू, तलवारी. त्यात जिकडेतिकडे पडके किल्ले. मी चहा घेऊन जायचे नि चिडवायचे, "कंपनीले एकबी किल्ला धड बांधता नाई आला का रे?"

"अव ताई, पडलेलेच बांधले त्यायनं. पण काऊन पडले, त्याची गोष्ट आहे ना!"

दगडांवर इंग्रजीत काहीबाही कोरलेलं असायचं. ते वाचून तो मला सांगायचा. एका किल्ल्यातली नदी रुसून दुसरीकडे गेली. एका किल्ल्यात राजाच्या दोन मुली एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, मग पहारेकरीही बोलेनासे झाले... मला गेममधलं काही कळायचं नाही, पण गोष्ट ऐकल्याशिवाय दुपार सरायची नाही.

तळ्याकाठच्या एका किल्ल्याचा दरवाजा मात्र कायम बंद. "याच्यातले लोक कुठं गेले रे?" मी विचारलं की म्हणायचा, "ते शेवटी. दार उघडलं का सांगतो तुले."

त्याआधीच तो गेला.

बरेच महिने मी लॅपटॉपला हात लावला नाही. मग एका दुपारी लावला. त्यानं सोडला होता तिथंच गेम उघडला — त्या बंद दरवाजासमोर. मी नुसती बघत बसले. त्याचा आवाज हवा होता हो, दुसरं काही नाही.

तेवढ्यात धमाका झाला. सवयीनं उठले, खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरात जाऊन गोधडी अंथरायला लागले. आई तांदूळ निवडत होती.

"काऊन व, काय करून राह्यली?"

"आवाज आला ना."

"मले तं नाई आला. आज कुठं उडवून राह्यले?"

गेममधलाच आवाज असेल म्हणून स्वतःवर हसत परत आले. किल्ल्याचा दरवाजा उघडा होता.

आत गेले. आत घरं होती. साऱ्या खिडक्या सताड उघड्या, माणूस एक नाही. आणि घराघरांत जमिनीवर गोधडी, तिच्यावर उतरवून ठेवलेली भांडी... आई ठेवते तशीच, मोठी भिंतीकडे, लहान पुढे. पळून जाणारी माणसं भांड्यांखाली गोधडी अंथरत नाहीत. परत येणारी अंथरतात. मला रडूच फुटलं. आई धावत आली, तोवर चार्जिंग संपून स्क्रीन काळी झालेली.

पुन्हा लावला तेव्हा दरवाजा बंद. तो आजही बंदच आहे.

हिंगणघाटचा प्रवीण सुमेधसोबत हाच गेम खेळायचा. तो घरी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, त्या दरवाज्यामागं काईच नाई. कंपनीनं नुसती समोरची भिंत बनवली."

"आन् नदी रुसली ते? त्या दोन पोरी?"

"गेमच्या कहाणीत तं सारे किल्ले एकाच लढाईत जळले. सुमेध म्हणे, रोज आग नि मुडदे काय सांगू ताईले... मीच बनवतो."

मग त्या दुपारी मी पाहिलं ते कुणी बनवलं? कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्यांना विचारून झालं. भास म्हणाल तर म्हणा — दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

आता धमाके झाले की मी सुमेधच्या खोलीचीही खिडकी उघडते. आवाज थांबले की आई भांडी परत फळीवर लावते आणि ओरडते, "त्या खोलीची खिडकी लाव व, धूळ येऊन राह्यली." मी हो म्हणते, आणि जरा वेळ उघडीच राहू देते.