बोहनीचा खलनायक

मन्मथ दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत, नववीच्या वर्गावर होतो. फोन अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा. "सुधाकर, ये रे बाबा. तुझे दाजी गेले," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला. लातूरला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून मी रडत होतो आणि मधूनच हसतही होतो. शेजारच्या बाईंनी आपली पिशवी हळूच मांडीवर ओढून घेतली. त्यांना काय सांगणार? ज्या माणसासाठी मी रडत होतो, त्यानं गेली दोन-तीन वर्षं एका बुडालेल्या जगावर राज्य केलं होतं आणि मी त्याचा कारभारी होतो.

आमच्यात माणसाला मातीला देतात ते बसवून. फुलांच्या विमानात, म्हणजे सजवलेल्या उघड्या पालखीत, दाजी बसले होते, कपाळावर विभूती, मान जराशी कललेली. गंजगोलाईच्या बाजारात त्यांच्या भांड्यांच्या दुकानासमोर विमान थांबलं, तेव्हा आसपासचे सगळे दुकानदार गल्ला सोडून खाली उतरले. दाजी स्वभावानं असे, की पातेलं घ्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून, त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करून मगच भाव सांगायचे. असा माणूस खलनायक होता, हे त्या गर्दीत फक्त अक्काला आणि मला ठाऊक होतं.

याचं मूळ एका मालिकेत आहे. काही वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी टीव्हीवर ती लागायची आणि त्यात काशीराव दिवाण नावाचा एक महाबिलंदर माणूस होता. कधी आवाज चढवायचा नाही. बोटातली अंगठी फिरवत, "बसा ना, घाई काय आहे?" म्हणायचा आणि समोरच्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यायचा. गावची विहीर त्यानं कुलूप लावून ठेवली होती. विधवा वहिनीलाही तो घोटभर पाणी मागायला लावायचा. अक्का त्याला पाहून पदर खोचून बसायची. तिला एकच हवं होतं, या मेल्याला शिक्षा झालेली बघायला. आणि एके दिवशी ती मालिकाच गुंडाळली गेली. शेवटच्या भागात दिवाण झोपाळ्यावर बसून चहा पीत होता... तेवढ्यात नावांच्या पाट्या सुरू. अक्का त्या दिवशी जेवली नाही. "इतकी वर्सं बघितलं, आन् त्येला कायच झालं न्हाई?" हे वाक्य पुढं सणावाराला, लग्नाकार्यात, कशातही निघायचं. आम्ही हसायचो. दाजी हसायचे नाहीत.

दाजींच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी दुकान पुतण्याकडं द्यायला लावलं. घरात बसून दाजी पार सुकून गेले. मला त्या वेळी एक व्यसन होतं, या वयात सांगायला लाजच वाटते, पण होतं. संगणकावरचा एक खेळ. जग बुडालेलं आहे, शहरं ओसाड पडलीत, गंजलेल्या गाड्या, धूळ, आणि उरलीसुरली माणसं डबाबंद अन्न आणि पाणी शोधत फिरतायत. आमच्या मराठी माणसांचा त्यात एक कट्टा होता. तिथं नियम असा, की आत शिरलं की एक सोंग घ्यायचं आणि माईकवर त्याच सोंगाच्या तोंडानं बोलायचं. औशाचे एक कंडक्टर त्यात डाकू झाले होते आणि धर्माबादच्या एक नर्सबाई खांद्याला बंदूक लावून फिरायच्या. मी दाजींना सगळं शिकवलं आणि विचारलं, तुम्ही कोण होणार? दाजी म्हणाले, "काशीराव दिवाण."

"दाजी, अक्काला कळलं तर जेवण बंद होईल तुमचं."

"तिला त्येचा शेवट बघायचाय रे. कुणी दाखवला न्हाई. आपण दाखवू."

दाजींनी कामाला सुरुवात केली ती व्यापाऱ्याच्या डोक्यानं. त्या उजाड मुलखात स्वच्छ पाण्याची एकच टाकी होती. ती त्यांनी ताब्यात घेतली. ज्याला पाणी पाहिजे त्यानं जवळचं निम्मं सामान द्यायचं, असा हुकूम काढला. पहिल्या दिवशी कंडक्टर डाकू आले. दाजींचा आवाज हेडफोनमधून आला, "बसा ना, घाई काय आहे?" आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब दिवाण. आता हे त्याला नागवणार म्हणून मी सरसावून बसलो, तर दाजींनी त्याची बाटली काठोकाठ भरली आणि वर दोन डबे दिले. मी घाईघाईनं माईक बंद करून फोन लावला. "दाजी, काय करायलाव तुमी? लुटायचंय त्येला."

"पहिलंच गिऱ्हाईक हाय रे. बोहनीच्या माणसाला रिकाम्या हातानं कसं लावून द्यावं?"

"दाजी, दुनिया बुडालीय."

"दुनिया बुडाली म्हणून बोहनी बुडती का?"

झालं. ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. लोक सकाळी सकाळी टाकीपाशी येऊन पहिला नंबर लावू लागले. भांडणं व्हायला लागली, तेव्हा दाजींनी तोडगा काढला की ज्याची त्याची दिवसातली पहिली खेप ही ज्याची त्याची बोहनी. म्हणजे लुटायला कुणी उरलंच नाही! डाकू, शिकारी, चोरटे, सगळे दिवाणसाहेबांच्या पाया पडू लागले. कुणीतरी टाकीवर झेंडा लावला. दाजी हवालदिल झाले. "सुधाकर, हे लोकं तर जयजयकार करायलेत. बंड कवा करायचे? बंड न्हाई झालं तर शिक्षा कशी व्हायची?" चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुष्टपणा इतका जड जाईल असं मला वाटलं नव्हतं.

तोड त्यांनीच काढली. दिवेलागणीनंतर बोहनी नसते, हा बाजाराचा शिरस्ता. मग ते दिवे लागले की खेळायला बसू लागले आणि मग मात्र त्यांनी मागंपुढं पाहिलं नाही. टाकीला कुलूप लावलं, नर्सबाईंच्या जखमी सोबत्याला घोटभर पाणी दिलं नाही, वर "बसा ना" म्हणाले. आठवड्याभरात सगळा मुलूख पेटला. बंडाचा दिवस ठरला तसा मी मुद्दाम लातूरला आलो. मागच्या खोलीत दाजी संगणकावर, आणि बाहेर, जिथं बसून अक्का मालिका बघायची, त्याच टीव्हीला मी माझा संगणक जोडला. अक्का कणीक मळायची सोडून आली. पडद्यावरून दिवाणाचा आवाज आला आणि ती जागच्या जागी थांबली. "अगं बाई, हा मेला हितं काय करायलाय?"

लोकांनी दिवाणाला बांधून आणलं होतं. दिवाणाची विधवा वहिनी येऊन निकाल देईल, असं मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ती वहिनी म्हणजे अक्का; मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिनं पदर खोचला... आणि मग जी सुटली! विहीर, कुलूप, झोपाळा, चहा, वर्षानुवर्षांचं सगळं काढलं. कुणीतरी म्हणालं, गोळी घाला. अक्का म्हणाली, "गोळी घालून मोकळा सोडता का त्येला? न्हाई. ह्येनं त्या टाकीपाशी बसायचं. येईल त्येला आपल्या हातानं पाणी द्यायचं. वाद न्हाई घालायचा." मागच्या खोलीतून दाजींचा आवाज भिंतीतून आणि हेडफोनमधून एकदमच आला, "शिक्षा मंजूर." अक्का हसता हसता खाली बसली. त्या दिवशी आम्ही धपाटे आणि दही खाल्लं आणि ती दाजींना वाढताना सारखी "घ्या दिवाण" म्हणत होती. इतकी खूश मी तिला तिच्या लेकाच्या लग्नातही पाहिली नव्हती.

दाजी शेवटपर्यंत रोज न चुकता शिक्षा भोगत राहिले. त्यांच्यासारखा सुखी कैदी मी पाहिला नाही. ते गेल्याचं मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा कुणी सोंगात बोललं नाही. नर्सबाई रडल्या. सगळ्यांनी ठरवलं, आता टाकी बंद करावी, दिवाणाला मानानं निरोप द्यावा. मी हे अक्काला फोनवर सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बंद करायची न्हाई म्हणावं. आन् त्ये कसं चालू करतेत, तेवढं मला सांग."

मागच्या रविवारी लातूरला गेलो होतो. पुढचं दार उघडंच होतं. मागच्या खोलीत दाजींच्या खुर्चीत, ते पाठीला घ्यायचे त्या घडीच्या चादरीला टेकून अक्का बसली होती. पदरावरून हेडफोन लावलेला, चष्मा नाकावर घसरलेला, एका बोटानं बटणं दाबत ती दाजींच्या टाकीवर कुणा नवख्याची बाटली भरत होती. त्याला तिनं गावाचं नाव विचारलं, जेवला का विचारलं. मी दारात उभा राहून बघत होतो. ती माझ्याकडं वळली तेव्हा मी विचारलं, "अक्का, असं किती दिवस?"

तिनं माईकवर हात ठेवला. "जल्मठेप दिलीय मी त्येन्ला," ती म्हणाली. "माझ्या जल्माची."