सवलतीची आंघोळ

आमचे हे नगरपालिकेत घरपट्टीच्या खात्यात आहेत आणि कामाच्या दिवशी ते घरी आंघोळ करत नाहीत. एवढं ऐकलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात, म्हणून आधीच खुलासा करते. नव्या इमारतीत उन्हावर पाणी तापत असेल, तर नगरपालिका घरपट्टीत सवलत देते. आता सवलत म्हटली की माणसाच्या कल्पनेला धुमारे फुटतात. कुणी गच्चीवर नुसत्या काचा मांडतो, कुणी पाइप जोडायचं 'विसरतो'. इतर साहेब वर जाऊन फोटो काढतात आणि मोकळे होतात. आमचे हे सकाळी टॉवेल घेऊन जातात, इमारतीची वीज बंद करायला लावतात आणि सरळ आंघोळीला बसतात. "हाताला काहीही कोमट लागतं," म्हणतात, "पाठ खोटं बोलत नाही."

गावभर त्यांना 'टॉवेलवाले साहेब' म्हणतात. बाजारात बायका मला सांगायच्या, "साहेब आत गायला लागले की समजायचं, सवलत मिळाली." मी हसून सोडून द्यायचे. सुट्टीच्या दिवशी घरी बादलीभर पाण्यात आंघोळ उरकताना या माणसाच्या तोंडून मी कधी हूं की चूं ऐकलं नव्हतं.

तर, माझ्या धाकट्या भावाने पहिली इमारत बांधली. सवलत नक्की मिळणार, असा शब्द त्याने फ्लॅट घेणाऱ्यांना देऊन टाकला होता. ती मिळाली नसती, तर दुसऱ्या इमारतीसाठी त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. नात्यातलं काम म्हणून यांनी दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगितलं, पण नुसता फोटो चालणार नाही अशी अट घातली, आणि कचेरीत दुसरा कुणी आंघोळीला तयार होईना. भाऊ खूश. "भाऊजी काय, घरचेच आहेत!"

"घरचे आहेत म्हणूनच सांभाळ रे बाबा," मी म्हटलं.

ऐकेल तर शपथ. आठवडाभर आभाळ भरलेलं, टाकीतलं पाणी गारढोण. पठ्ठ्याने पहाटे गॅसवर पातेली चढवली आणि उकळतं पाणी गच्चीवरच्या टाकीत ओतवलं. भावाची पहिली इमारत म्हणून मीही यांच्यासोबत गेले होते. आमचे हे न्हाणीघरात शिरले आणि बोंब ठोकतच बाहेर आले. पाठ लालबुंद.

"मेहुणे, आपल्या सूर्याला उकळी कधीपासून यायला लागली?"

टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेतच ते गच्चीवर गेले. त्यांच्यामागे भाऊ, भावामागे मी. पाणी तापवायची पॅनेलं लिफ्टच्या खोलीमागे, भिंतीच्या दाट सावलीत उभी होती.

"रस्त्यावरून दिसली की इमारतीची शोभा जाते हो," भाऊ पुटपुटला.

"रस्त्यापासून लपवलीत, ती सूर्यालाही सापडेनात," हे म्हणाले आणि सवलत नाकारून खाली उतरले.

घरी मी यांच्या पाठीला मलम लावलं, पण तोंड वळवून. पाठ त्यांची भाजली होती, माहेर मात्र माझं तुटत होतं. भाऊ माझा फोन उचलेना. यांचा मला राग आला होताच, आणि यांचंच बरोबर होतं याचा त्याहून जास्त.

मग एका सकाळी भाऊच दारात उभा. हातात कोरा टॉवेल.

"ताई, भाऊजींना आंघोळीला बोलवायला आलोय."

मीही निघाले. पॅनेलं आता थेट दर्शनी बाजूला होती, इमारतीने कपाळावर चष्मा चढवावा तशी. स्वयंपाकघरात डोकावून घेतलं. पातेली कुठे दिसली नाहीत. यांनी वीज बंद करवली, आत गेले, कडी लावली. आम्ही बहीण-भाऊ बाहेर. नळ सुटला. बादली भरली. मग काहीच ऐकू येईना. भावाने माझा हात घट्ट धरला, शाळेत निकालाच्या दिवशी धरायचा तसा.

आणि आत गाणं सुरू झालं. सुराचा पत्ता नाही, तालाशी भांडण, शब्द मनाला येतील ते. भाऊ दाराला डोकं टेकून हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"ताई, किती बेसूर गातात गं भाऊजी! तू रोज कसं सहन करतेस?"

"मी आज पहिल्यांदाच ऐकतेय," मी म्हटलं. "जरा गप्प बस."