डोळ्यांनी ऐकणारे तारमास्तर

"या टेपातला आवाज मला डोळ्यांनी बघायचाय. जमेल काय?"

झुगरे तारमास्तरांचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. जव्हारला एसटी डेपोच्या मागे मी नुकताच कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. एका हातात टेपरेकॉर्डर, काखेत मुलांची पाटी, असे ते दारात उभे राहिले आणि इतक्या मोठ्यानं बोलले की टायपिंग करणाऱ्या मुली दचकल्या. मी उत्तर द्यायला लागलो, तशी त्यांनी पाटी पुढे केली. "लिहा. कान गेलेत माझे."

मास्तर मोखाडा तालुक्यातले, खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावरचे. घरी भात आणि नागली. शिकून ते पोस्टात तारेवर लागले आणि उभी नोकरी कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेली. त्याच नादातून त्यांनी हौशी रेडिओचा सरकारी परवाना काढला होता. जव्हारच्या घरात एक संच, छपरापासून परसातल्या फणसापर्यंत ताणलेली तार, आणि कट्ट-कडकट्टच्या भाषेत जगातल्या अनोळखी माणसांशी गप्पा. गाठ पडली की दोघांनी एकमेकांना पोस्टानं कार्ड पाठवायचं, ही या लोकांची रीत. बिस्किटाच्या डब्यात त्यांच्याकडे जपानची, रशियाची, केनियाची कार्डं होती. दक्षिण अमेरिकेचं मात्र एकही नव्हतं. "पृथ्वीची पाठ तेवढी राहिलीय," असं ते म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांचं ऐकणं कमी कमी होत थांबलं. नाशिकच्या डॉक्टरांनी नसा सुकल्याचं सांगितलं. संचावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, आपलं जुनं लुगडं घातलं. तीन वर्षं ते तसंच होतं.

मग नाशिकच्या एका रेडिओवाल्या दोस्तानं पत्र आणि सीडी पाठवली. आता असा प्रोग्रॅम निघालाय, त्यानं लिहिलं होतं, की रेडिओची वायर कॉम्प्युटरला जोडायची. आकाशातून येणाऱ्या बारीक शिट्टीची अक्षरं होऊन पडद्यावर उमटतात. आपण टाइप करायचं, त्याची शिट्टी होऊन जाते. कानाचं काही कामच नाही. दोस्तानं सांगितलेल्या जागी काटा लावून मास्तरांनी ती शिट्टी टेप करून आणली होती. स्वतःला ऐकू येत नसताना.

मी सीडी घातली, टेप लावला. पडद्यावर निळ्या पाण्यासारखं काहीतरी वरून खाली सरकायला लागलं आणि त्यात एक पिवळी रेघ उमटली.

"हा तर दाभोशाचा धबधबा!" मास्तर म्हणाले. मी त्या रेघेवर माउस दाबला. खाली इंग्रजी अक्षरं पडू लागली. कुणीतरी इटलीतला माणूस कुणालातरी आपल्याकडे ऊन पडल्याचं सांगत होता. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाटीवर माझंच वाक्य पुसून स्वतः लिहिलं, 'ऐकू आलं.'

त्याच आठवड्यात क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी त्यांच्या घरी नेऊन जोडला. बदल्यात ते मुलींना टायपिंग शिकवू लागले. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, पण मला हाक मारायचे 'गुरुजी' म्हणून. स्वतः टाइप करायचे ते तारेसारखं. 'हवा थंड. प्रकृती ठीक. आपण?' मी पाटीवर लिहिलं, जरा सविस्तर लिहा की. ते म्हणाले, "तारेत 'आहे' आणि 'होतं' कशाला पाठवायचं, गुरुजी? समोरच्याला कळतं."

कार्डं पुन्हा येऊ लागली. पण पृथ्वीची पाठ काही मिळेना. तिकडची शिट्टी आलीच तर इकडे उजाडताना, तीही पुसट. एका सकाळी ती आली. अशा प्रत्येक रेडिओवाल्याला सरकारनं दिलेली अक्षरांची खूण असते, तिच्यावरून देश कळतो; ही चिलीची होती. मास्तरांनी हाक टाकली. पलीकडून उत्तर सुरू झालं, त्यांच्या खुणेची पहिली दोन अक्षरं उमटली, आणि शेजारची पिठाची गिरणी चालू झाली. तिच्या मोटारीनं अख्खा धबधबा पांढरा करून टाकला. खाली नुसता अक्षरांचा कचरा.

मला फार वाईट वाटलं. मी पाटीवर काहीबाही लिहू लागलो. त्यांनी माझा हात धरला. "हाक मारणं आपल्याकडे, गुरुजी. ओ देणं त्याच्याकडे. उद्या परत मारू."

त्यानंतर रोज पहाटे उठून ते बसायचे. कितीतरी सकाळी गेल्या. एकदा मी काकूंना विचारलं, तुम्ही काही म्हणत नाही? त्या म्हणाल्या, "तीन वर्षं भिंतीकडं बघून बसायचा माणूस. आता निदान उठतो तरी लवकर. मी कशाला काय म्हणू?"

भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती, तेव्हाची गोष्ट. सकाळी मी त्यांच्याकडे पोचलो तर मास्तर पडद्याला नाक लावून बसलेले. तीच चिलीची रेघ. मी काकूंकडे पाहिलं, तर त्यांनी नागलीची टोपली उचलून गिरणी गाठलीसुद्धा. खिडकीतून गिरणीचं दार दिसत होतं; गिरणीवाला खटक्याला हात घालत होता. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"थांब जरा."

"का हो काकू? दळण तर तुम्हीच आणलंय."

"आणलंय म्हणून काय झालं? मास्तर बोलतायत. माणूस बोलत असला की थांबावं माणसानं."

इकडे पडद्यावर मास्तरांची खूण उमटली. पूर्ण. एकही अक्षर गळालं नव्हतं. पलीकडचा म्हातारा सफरचंदाच्या बागेत राहणारा होता. जेवण उरकून बसला होता. भारताला हाक मारून मारून मी थकलो, असं त्यानं लिहिलं. मग विचारलं, तुमच्या खिडकीतून काय दिसतं?

मला वाटलं, मास्तर लिहितील, 'डोंगर. झाडं.' त्यांनी बोटं कळांवर ठेवली आणि लिहीतच राहिले. कापलेल्या भाताची खाचरं लिहिली, फणसावर बसलेलं धुकं लिहिलं, डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या बायका लिहिल्या, आणि माझी बायको या घटकेला गिरणीच्या दारात उभी आहे म्हणून तुझं बोलणं मला वाचता येतंय, हेही लिहिलं. इंग्रजी मोडकं होतं, पण 'आहे' आणि 'होतं' सगळे जागच्या जागी होते. पलीकडून उत्तर आलं, 'त्यांना माझा नमस्कार सांगा.'

मास्तर उठले ते थेट गिरणीवर. "अगं, चिली! तुला नमस्कार सांगितलाय त्यानं!" त्यांचा आवाज बाजारापर्यंत गेला असेल. काकूंनी पदर डोक्यावर घेतला आणि गिरणीवाल्याला म्हणाल्या, "आता दळ."

पुढे चारेक वर्षं मास्तर होते. पेरू, ब्राझील, असे किती देश त्यांनी केले ते मला आठवत नाही. मला आठवतो चिलीचं कार्ड आलं तो दिवस. नियमानं ते टपालाच्या थैलीतून दुपारपर्यंत आलं असतं. पण पूर्वी मास्तरांच्या हाताखाली काम केलेला लहानू पोस्टमन टपाल फोडल्याफोडल्या ते एकच कार्ड घेऊन निघाला. पोस्टापासून मास्तरांच्या घरापर्यंत तो सायकलची घंटी सारखी वाजवत आला. लोक दारात आले, गिरणी थांबली. सफरचंदाच्या झाडांचं चित्र असलेलं ते कार्ड हातोहाती फिरलं आणि शेवटी मास्तरांकडे पोचलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

मी लहानूला म्हटलं, "अरे, मास्तरांना ऐकू येत नाही. एवढी घंटी कशाला वाजवलीस?"

लहानू धापा टाकत हसला. "मास्तरांसाठी नाय ओ, गावासाठी वाजवली."