काकूंचा एक थेंब

त्या प्रयोगशाळेत माणसं यायची आणि जायची. कुणी चार वर्षं घासून पदवी घेऊन जाई, कुणी दुसऱ्याच महिन्यात निरोपही न घेता गायब होई. काकू मात्र तेवीस वर्षं तिथेच. त्यांचं काम पेशी वाढवायचं. एक बिनखिडकीची खोली, दाराशी चपला काढायची जागा, आत पेशींना उबेत ठेवणारे दोन इनक्युबेटर, एक सूक्ष्मदर्शक आणि सतत हवा फुंकणारं काचेचं कपाट, एवढं काकूंचं राज्य. तिथे कुणाला शिंक आली की काकू त्याच्याकडे अशा बघत की बिचारा शिंक गिळून बाहेर पडे.

काकूंच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. दुसऱ्यांच्या पेशींना बुरशी लागे, काही कारण नसताना त्या मान टाकत. काकूंच्या पेशी काचेला घट्ट धरून, हातपाय पसरून आरामात असत. "गुण कसला डोंबलाचा, हात नीट धुवा म्हणजे झालं," असं काकू तोंडाने म्हणत आणि मनातून सुखावत. का सुखावू नये? तेवीस वर्षांत त्यांचं दुसरं काय कौतुक झालं होतं?

तर या काकूंनी एका संशोधक मुलीला घाईताई असं नाव ठेवलं होतं. ती डबा उभ्यानेच खायची, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची आणि वाक्य अर्धं टाकून पुढच्या वाक्याला लागायची. तिचा सगळा जीव एका एन्झाइमवर. त्याचं नाव पार्प. पेशीत मोडतोड झाली की हे पार्प धावत जातं आणि दुरुस्ती सुरू करतं.

"काकू, हा घरचा गवंडी समजा," तिने एकदा सांगितलं होतं. "भिंतीला तडा गेला की लगेच हजर. पण जेवण तुमच्याच घरचं. कोठीतलं काढून खाणार आणि काम करणार."

"आणि तडा मोठा असला तर?"

"तर खाऊन खाऊन कोठी रिकामी करतो. घरातली माणसं मरतात, भिंत मात्र झकास."

"आमच्या धाकट्या दिरांनी घर बांधलं ते असंच," काकू म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

घाईताईचा प्रयोग साधा होता. दुपारी चार वाजता पेशींचं खाणं काढून घ्यायचं आणि त्यांना उपाशी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना विषाचा छोटासा झटका द्यायचा. काही डिशमध्ये, म्हणजे पेशींच्या उथळ बश्यांमध्ये, पार्पला काम करू द्यायचं, काहींमध्ये औषध घालून त्याला गप्प बसवायचं. मग कोण जगलं ते मोजायचं. चार वर्षं मोजून तिचं उत्तर पक्कं झालं होतं: पार्प जागं असेल तर उपाशी पेशी वाचतात, त्याला गप्प बसवलं तर मरतात. ते छापूनही आलं.

आणि मग दूरच्या एका प्रयोगशाळेने लिहिलं की आम्ही तुमच्या शब्दाबरहुकूम केलं, आमच्याकडे बरोबर उलटं झालं. पार्पनेच पेशी मारल्या.

मोठ्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, यांनी वरच्या मजल्यावरच्या एका माणसाकडून तोच प्रयोग पुन्हा करून घेतला. त्याने पेशी स्वतःच्या हाताने उपाशी ठेवल्या. उलटंच आलं. त्या दिवशी काकू डिशचा ट्रे घेऊन बाईंच्या दाराशी पोचल्या तेव्हा आतून बाईंचा आवाज आला. चढलेला नव्हता, पण त्यापेक्षा वाईट होता.

"एवढंच सांग, हे आकडे कुठून आणलेस? सोमवारी चौकशी समिती बसणार आहे. मी त्यांना काय सांगू?"

दाराच्या फटीतून घाईताईची पाठ दिसत होती. काकू तशाच ट्रे घेऊन परत फिरल्या, खोलीत आल्या आणि स्टुलावर मटकन बसल्या.

कारण आकडे कुठून आले ते काकूंना ठाऊक होतं.

पेशींचं खाणं म्हणजे सीरम. गुलाबी पाण्यात ते मिसळायचं असतं. उपाशी ठेवायचं म्हणजे नुसतं गुलाबी पाणी द्यायचं, सीरमचा कणही नाही. काकू पाणी बदलत, वहीत 'उपाशी ठेवल्या' असं सुवाच्य अक्षरात लिहीत, आणि झाकण लावायच्या आधी प्रत्येक डिशमध्ये सीरमचा एक थेंब सोडत. एकच. एका थेंबाने काय होतंय?

यात लबाडी होती असं त्यांना कधी वाटलंच नाही. नोकरी लागली त्याच वर्षी त्यांची आई दवाखान्यात होती. तोंडाने काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने दोन दिवस एक घोट चहा मागितला. आधी मागितला, मग विनवलं, मग नुसती बघत राहिली. काकूंनी डॉक्टरांचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी आई तशीच गेली. पंधरा दिवसांनी कामावर आल्या तेव्हा कागदावर पहिलीच ओळ होती, 'पेशी उपाशी ठेवा.' हात आपोआप बाटलीकडे गेला. त्यानंतर जातच राहिला.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, नुकताच निवृत्त झालेला. त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

"अहो, निवृत्तीला तीन महिने राहिलेत माझ्या," काकू म्हणाल्या. "तेवीस वर्षांचं नाव मातीत जाईल."

"आणि नाही सांगितलंस तर त्या पोरीचं?"

"तेच तर."

"मग विचारतेस काय मला?" असं म्हणून त्याने पुन्हा वर्तमानपत्र उचललं. काकूंना त्याचा असा राग आला की त्यांनी भाजीत मीठ दोनदा घातलं. त्याने चकार शब्द न काढता ती खाल्ली.

सकाळी काकू चपलासुद्धा न बदलता बाईंच्या खोलीत गेल्या. घाईताई तिथेच होती, डोळे सुजलेले. काकूंनी उभ्यानेच सांगितलं. थेंबाचं सांगितलं, वहीतल्या शब्दाचं सांगितलं. आईचं नाही सांगितलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "किती प्रयोगांत, काकू?"

"सगळ्याच."

"या मुलीच्या सगळ्या?"

"नाही बाई. तेवीस वर्षांतल्या सगळ्या."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे स्वतःचे निम्मे शोध काकूंच्या पेशींवर उभे होते. त्या ओरडल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आज चार वाजता माझ्यासमोर दोन्ही प्रकारे करा. तुमच्या हाताने."

चार वाजता काकूंनी दोन रांगा मांडल्या. पहिल्या रांगेत नेहमीसारखा थेंब सोडला. दुसऱ्या रांगेत नुसतं पाणी. हात दोनदा बाटलीकडे गेला आणि दोनदा त्यांनी तो मागे घेतला. अगदी जिवावर आलं. काकू शेवटचं झाकण लावत असताना घाईताईने पुढे होऊन डिश धरली.

सकाळी झटका दिला, दुपारी तिघींनी पाहिलं. थेंबवाल्या रांगेत पार्प जागं होतं तिथे पेशी जगल्या होत्या. उपाशी रांगेत पार्प जागं होतं तिथे सगळ्या गोल होऊन पाण्यावर तरंगत होत्या, मेलेल्या. मुलगी खरी होती. दूरचे लोकही खरे होते.

"गवंडी तोच," घाईताई हळूच म्हणाली. "कोठीत थोडं होतं तिथे त्याने घर वाचवलं. कोठी रिकामी होती तिथे त्यानेच मारलं. काकू, सगळा फरक तुमच्या थेंबाचा आहे."

बाई समितीला फोन करायला गेल्या. जाताना त्यांनी काकूंकडून खोलीची किल्ली मागून घेतली. काकूंनी ती काढून दिली. त्यांना ते रास्तच वाटलं.

मग काकूंनी घाईताईला आईचं सांगितलं. दोन दिवस मागितलेल्या त्या घोटाचं. आणि विचारलं, "म्हणजे मी दिला असता तर?"

घाईताई आयुष्यात पहिल्यांदा घाईने बोलली नाही. "काकू, पेशींचं मला सांगता येतं," ती म्हणाली. "आईंचं नाही सांगता येत. कुणालाच नाही येणार."

काकूंनी मान हलवली. मुलीने खोटं सांगितलं नाही याचं त्यांना बरं वाटलं, आणि रडूही आलं. त्यांनी डोळे पुसले, हात धुतले आणि वही उघडली. पहिल्या रांगेपुढच्या रकान्यात त्यांचं पेन सवयीने 'उ'पर्यंत गेलं. त्यांनी ते खोडलं आणि त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक थेंब दिला.'