बोलक्या डब्यापुढे घेतलेलं नाव

माझा भाऊ मुंबईत राहतो, त्यामुळे आमच्या गावाला काय हवं ते त्याला आमच्याआधी कळतं. गेल्या मे महिन्यात तो वीर स्टेशनवर उतरला, रिक्षाने महाडला माझ्या घरी आला आणि पिशवीतून नारळाएवढा एक गोल डबा काढून टेबलावर ठेवला. हा स्पीकर आवाजावर चालतो, आता आईचा प्रश्न सुटला, असं त्याने जाहीर केलं. त्याने सोडवलेले प्रश्न नंतर मलाच निस्तरावे लागतात, म्हणून मी आधी स्वतःपुरता चहा करून घेतला.

आईचा प्रश्न असा, की काचबिंदूने तिची नजर गेली आहे. आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूला. राहती घरं मोजकी, बाकीच्यांची कुलुपं गणपती-शिमग्यालाच निघतात. बाबा दिवसभर शेतात नाहीतर गुरांमागे आणि आई घरात एकटी. मोठ्या बटणांचा फोन दिला होता, पण तो ती कधी तांदळाच्या डब्यावर, कधी उखळात ठेवायची, आणि ठेवलेला फोन शोधायचा म्हणजे दिसायला हवं. शेवटी भावाने अट घातली. पाय घसरला, भोवळ आली, तर आईला स्वतः बाबांना फोन लावता आला पाहिजे. नाही जमलं तर दोघांनी घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे सातव्या मजल्यावर राहायला यायचं.

त्याची काळजी खरी होती. पण गावच्या घरात आई चुलीपासून गोठ्यापर्यंत कुणाचा हात न धरता जाते. भाकरी फुगल्याचं तिला वासावरून कळतं. सातव्या मजल्यावर तिला सोफ्यावर बसवून समोर टीव्ही लावून देतील. तिथे ती फार दिवस काढायची नाही, अशी मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो आणि डब्याची प्रतिष्ठापना देवघराच्या फळीवर झाली, कारण घरातला धड चालणारा प्लग तिथेच आहे. इंटरनेटचं यंत्र खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलं, कारण रेंज तिथेच येते. लाईट जाते हे आठवून भावाने बॅटरीसुद्धा आणली होती. गाव त्याला एवढं तरी आठवत होतं.

डब्यात एक बाई बोलते. तिला हिंदी फाडफाड येतं, मराठी पुस्तकातलं येतं, आमचं नाय-हाय मात्र तिच्या गावी नव्हतं. आधी तिला नावाने हाक मारायची, मग काम सांगायचं. आईला ते लगेच जमलं. तिने त्या परक्या बाईला दहा वेळा नावाने हाक मारली, अभंग लावायला सांगितला, आणि ही जेवली का असं मला हळूच विचारलं. भाऊ फुलून गेला. त्याने बाबांना फोन खिशात घालून डोंगरावरच्या वरकस जमिनीकडे पिटाळलं आणि आईला म्हणाला, आता नाव घे आणि फोन लावायला सांग.

आईने बाईला हाक मारून सांगितलं, ह्यांना फोन लाव. बाईने अदबीने विचारलं, कोणाला? आई म्हणाली, आमच्या घरात. बाई म्हणाली, तिला ते समजलं नाही. त्यावर ह्या पोरांच्या बापाला लाव, असंही सांगून झालं. जगातलं सगळं ज्ञान पोटात असलेल्या त्या बाईला आमच्या घरात कोण राहतं, एवढं काही कळेना.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी माझ्या नवऱ्याला दिवसातून वीसदा नावाने हाक मारते आणि तो एकदाही ओ देत नाही, तेव्हा या पद्धतीला अडाणी म्हणायचा अधिकार मला नाही. भावाला तो होता. त्याने आईला अर्धा तास स्त्रीमुक्ती समजावून सांगितली. बरोबर आलेली त्याची बायको तेव्हा मागच्या दारी आम्हा सगळ्यांची भांडी घासत होती.

मी सुचवलं, नंबर दुसऱ्या नावाने साठव. त्याने 'बाबा' असं साठवलं. नवऱ्याला बाबा म्हणायचं, या कल्पनेनेच आईने पदर तोंडाला लावला. 'मालक' केलं, तर आई म्हणाली, मालक म्हणजे म्हशी घ्यायला येतो तो. 'धनी' केलं, तर बाईने देवघरातून ढोलकीवरचं कसलंसं गाणं सुरू केलं आणि ते बंद करता करता भावाला घाम फुटला. 'हे' हा शब्द तर तिला नाव म्हणून पटतच नव्हता. शेवटी भाऊ चिडला. बाबांचं खरं नाव परत घालून तो म्हणाला, "आई, नाव घे, नाहीतर सामान बांध. मी उद्या तिकिटं काढतो."

तो ते मनापासून म्हणाला. आई उठली आणि भिंतीला हात लावत मोरीकडे गेली. मला वाटलं, ती रडायला गेली. ती हात धुऊन आली. डोक्यावरून पदर घेतला, फळीसमोर उभी राहिली, बाईला नावाने हाक मारली आणि खणखणीत म्हणाली,

"डोंगरावर नाचणी, खाचरात भात,
…रावांना फोन लाव, भाकऱ्या झाल्या सात."

टिंबांच्या जागी बाबांचं नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही, आईने एवढ्या कष्टाने घेतलेलं मी फुकटात का लिहू? उखाण्यात नाव घेतलेलं चालतं, ही सोय आमच्या बायकांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. बाईला नाचणी कळली की नाही कोण जाणे, पण नाव तिने बरोबर उचललं. फोन लागला. डब्यातून बाबांचा आवाज आला, "काय गो?" आई म्हणाली, काय नाय, जेवायला या. मला हुंदका आला, आणि भावाने त्याचाही व्हिडिओ काढला.

आईबाबांनी गावातच राहायचं ठरलं. भाऊ मुंबईला परतला आणि आवाजावर चालणारं तंत्रज्ञान खेड्यापर्यंत कसं पोचलं, यावर आपल्या ऑफिसात बोलला म्हणे. जाताना एक कलम वाढवून गेला. आईने रोज एकदा फोन लावायचा, म्हणजे त्याला मुंबईत मोबाइलवर दिसेल. मग आई रोज नवा उखाणा रचू लागली. डाळीचा, दह्याचा, व्यायलेल्या गाईचा. शेजारच्या दोघी खास ऐकायला येऊन बसायच्या.

पहिल्या दिवशी बाबा शेतावरून आले, तेव्हा पाय धुताना त्यांनी मला विचारलं होतं, नाव घेतलान का. मी म्हटलं, हो. मोठ्याने? मी म्हटलं, अख्ख्या वाडीला ऐकू गेलं. ते बराच वेळ एकाच पायावर पाणी ओतत राहिले.

"लग्नात उंबऱ्यावर घेतलान, तवा तोंडातल्या तोंडात," ते म्हणाले. "माला नाय ऐकू आला."

त्याचा अर्थ मला पुढे काही दिवसांनी उमगला. फोन लागायच्या आधी नाव घेऊन झालेलं असतं. शेजारणींनी ऐकलं, त्या बाईने तर रोज ऐकलं, फक्त ज्याचं नाव होतं तो डोंगरावर होता. हे काही भावाच्या ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी तिथेच राहिले होते. एका सकाळी मी पडवीत आमसुलं वाळत घालत होते. बाबा काठी घेऊन निघाले, शेतावर जातो असं आईला ओरडून सांगितलं, आणि थोड्या वेळाने मागच्या बाजूने, वहाणा हातात घेऊन परत आले. मला गप्प राहायची खूण करून ते भिंतीला टेकून बसले.

आत आईने बाईला हाक मारली. उखाणा म्हटला, पहिल्यासारखाच मोठ्याने, नावासकट. बाबांनी डोळे मिटून घेतले. एवढं सगळं त्यांनी बेतलं होतं, फक्त खिशातला फोन बंद करायचा राहिला होता. तो पडवीत केवढ्याने वाजला.

बाबांनी नाइलाजाने फोन कानाला लावला आणि म्हणाले, "काय गो?"

आईचं उत्तर भिंतीतून आणि फोनमधून एकदमच आलं.

"ऐकलात ना? आता जावा. गुरा खोळंबल्यायत."