भुताचे केस

अप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बायकोला त्यांच्या डोळ्याची काळजी होती आणि मला माझ्या डोक्याची. पस्तिशीतच मला टक्कल पडलं. कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या माणसाचे केस भरघोस असावेत, असं माझ्या मनात कुणी भरवलं होतं देव जाणे, पण मी हैदराबादला जाऊन विग करून आणला. अप्पा, म्हणजे माझे वडील, इकडे कर्नाटकातच हुलसूरजवळ शेतात राहतात. महिन्या-दोन महिन्यांनी आमची भेट, त्यात त्यांची नजर अंधुक. सहा वर्षं निभावलं. आता डॉक्टर त्यांची नजर स्वच्छ करणार होते आणि वर अप्पा आठ दिवस भालकीला माझ्याकडेच राहणार होते.

ऑपरेशन करून बिदरहून त्यांना घरी आणलं तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा होता. मी मनाला समजावलं, काळ्या चष्म्यातून सगळंच काळं दिसणार, माझे केसही.

आठ दिवस टीव्ही-मोबाईल बघायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पांनी जन्मभर माझ्यापेक्षा बैलांशी जास्त गप्पा मारल्या. पाऊस, ऊस, सोयाबीन एवढे आमचे विषय पहिल्या दुपारीच संपले. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "तू मोबाईलमधी काय बघत बसतोस ते लाव. मी ऐकतो. काय चाललंय तेवढं सांग."

इथे कबुली द्यायला हवी. स्टाफरूममध्ये मी इराणी सिनेमावर बोलतो. मोबाईलमध्ये मात्र माझ्याकडे भुतांचे विनोदी कन्नड सिनेमे असतात, तेही इतक्या कमी पैशांत काढलेले की भुतानं चहासुद्धा घरून आणला असेल. भुताच्या मनगटावर घड्याळ असतं. आधीच मेलेला माणूस पुढच्या दृश्यात मागून पाण्याची बाटली घेऊन जातो. आणि तरी ती मंडळी इतकी मन लावून घाबरतात की मला त्यांची माया वाटते. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. इराणी सिनेमा बघताना मला झोप येते, हेही एकदाचं सांगून टाकतो.

मी सिनेमा लावला. चार मित्र, शेतातला एक पडका बंगला आणि पांढऱ्या साडीतलं भूत. भूत हाका मारू लागलं, "बा... बा..." कन्नडमध्ये याचा अर्थ ये, ये. अप्पांचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, तरी म्हणाले, "बाला कामून हाक मारायलंय? घरी सांगून आलं न्हाई व्हय?"

अप्पा थट्टा करतात, हे मला वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी कळत होतं.

मग तो प्रसंग आला ज्यासाठी मी हा सिनेमा चारदा पाहिला आहे. भूत बाभळीखालून झेप घेतं आणि त्याचे लांब केस काट्यात अडकतात. भूत पुढे, केस मागे. भूत ओशाळून परत येतं, उड्या मारमारून केस काढतं, डोक्यावर नीट बसवतं आणि पुन्हा किंचाळतं. दिग्दर्शकानं यातलं काही कापलेलं नाही.

खोट्या केसांचा विषय काढणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "भूत झाडाखाली उभं आहे."

"मग ते चौघं हसायलेत कामून?"

"भीतीनं हसतात काही माणसं."

"आन भूतबी हसायलंय की."

"भूतही हसतं कधी कधी," मी म्हणालो. अप्पा "हां" म्हणाले.

त्या आठवड्यात मी तीन सिनेमे असेच सांगितले. घड्याळ गाळलं, बाटली गाळली, एकूण एक भूत भारदस्त करून टाकलं. माझं मलाच ऐकवत नव्हतं.

नवव्या दिवशी तपासणी झाली आणि काळा चष्मा निघाला. दुपारी अप्पांनी तोच बाभळीचा सिनेमा मागितला. मी चार्जिंग नाही म्हणालो, नेट नाही म्हणालो, डोळ्याला ताण पडेल म्हणालो. शेवटी लावून दिला आणि त्यांच्या पाठीमागे, खिडकीपासून लांब जाऊन बसलो.

केस काट्यात अडकले. अप्पा म्हणाले, "मागं घे." पुढे सरकून मी मागं घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा त्यांचे खांदे गदगदत होते. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. माझ्या वडिलांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि हात आपोआप विगकडे गेला.

"सगळ्यात चांगलं तेच तू सांगितलं न्हाईस," ते म्हणाले.

"राहून गेलं."

"राहून न्हाई गेलं." त्यांनी मान वळवून माझ्याकडे सावकाश पाहिलं. "सहा वर्सं झाली, बघायलोय. मोतीबिंदू झालता. आंधळा न्हवतो मी."

मोबाईलमध्ये भूत केस नीट बसवत होतं.

"मग आधी कामून बोलला न्हाईत, अप्पा?" माझी वर्गातली भाषा कुठल्या कुठे पळाली होती.

"तुला वाटायचं मला दिसत न्हाई. म्हणलं, असू दे. लेकराला बरं वाटायलंय." त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "आता काढ ते टोपडं. उकडत असंल."

मी काढलं. पंख्याचा वारा थेट डोक्याला लागला. सहा वर्षं मला खरंच फार उकडत होतं.