दाजींचा डावा गाल

दाजींच्या सलूनमध्ये एकच कडक नियम होता. गिऱ्हाईकाच्या डोक्यात काय शिजतंय यावर वाट्टेल तेवढ्या गप्पा मारा, पण त्याच्या चेहऱ्यावर काय आहे यावर अवाक्षर काढायचं नाही. मस असो, व्रण असो, वस्तरा गुपचूप वळसा घालून पुढे.

"त्याला आरशात दिसतंच की," दाजी म्हणायचे. "आपण कोण सांगणारे?"

शेजारच्या खुर्चीवर त्यांचा मेव्हणा काम करायचा. तो दिवसभर 'दाजी, दाजी' करायचा, म्हणून सगळ्या गावाचे ते दाजी झाले. दुकान उघडायच्या आधी दोघं एकमेकांची दाढी करत. दाजींच्या डाव्या कानाखाली वाटाण्याएवढी गाठ आली, तेव्हा मेव्हण्यानं इमानेइतबारे नियम पाळला. गाठ बोराएवढी झाली, तसा वळसाही मोठा झाला. दाजींना ती दिसत होतीच. पण हा गडी काही बोलत नाही, म्हणजे विशेष नसणार, असं ते धरून चालले. शेवटी हसताना तोंडाचा डावा कोपरा कामावर येईना, तेव्हा बायकोनं दोघांनाही फैलावर घेतलं.

"एकाला गाल आहे, एकाला डोळे आहेत. अक्कल कुठे गहाण ठेवलीत?"

लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, गाल जरा आत गेला. मेव्हण्यानं मात्र त्यानंतर दाजींच्या चेहऱ्याला वस्तरा लावला नाही. हात थरथरतो म्हणे. बाकी गावाच्या दाढ्या करताना तोच हात ठणठणीत! सलूनचा मालक घरी स्वतःच गालावर मशीन फिरवू लागला.

डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या. "हा प्रकार चालीनं मंद, पण चिवट. नसेच्या कडेकडेनं सरकतो आणि दहा वर्षांनीही फुप्फुसात डोकावू शकतो. पाच वर्षं झाली म्हणून मी सुट्टी देणार नाही."

"म्हणजे मी कायमचं गिऱ्हाईक," दाजी म्हणाले.

सातव्या वर्षी फुप्फुसात दोन बारीक ठिपके दिसले. ते वाढताहेत का, हे पुढच्या स्कॅनला कळणार होतं. घरात कुजबुज सुरू झाली. दाजींनी मधल्या काळात खुर्चीला नवं कातडं चढवून घेतलं.

स्कॅनच्या दिवशी मेव्हणा सोबत गेला. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी लावले. "आहेत तिथेच, आहेत तेवढेच."

"मग काढून टाका ना!" मेव्हणा म्हणाला.

"सध्या गरज नाही. अशा ठिपक्यांसकट माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात. वाढायला लागले तर उपचार ठरवू. कायम असेच राहतील, असं मात्र मी म्हणत नाही."

"तेवढं तर तुम्ही धडधाकट माणसालाही म्हणणार नाही," दाजी उठत म्हणाले.

दुकानात येताच ते नव्या कातड्यावर बसले आणि कापड गळ्याशी ओढलं. "कर."

"दाजी, नको. माझ्यामुळेच तर…"

"आपल्या दोघांच्या मूर्खपणामुळे. सगळं श्रेय एकटा लाटू नकोस. हे बघ, ऑपरेशनपासून डाव्या बाजूला हात लावलेला मला अजून कळत नाही. तिथे तुझ्याच डोळ्यांवर भिस्त. आणि आजपासून नियम बदलला. वस्तऱ्याला जे लागेल, ते तोंडानं सांगायचं."

मेव्हण्यानं फेस लावला. कानाखाली वस्तरा जपून, पण सरळ उतरला.

"दाजी, इथे हनुवटीखाली एक…"

"तीळ आहे. जन्मापासूनचा. शाबास, पुढे चल."

"आणि इथे…"

"ते नाक आहे, गाढवा!"

मागे बाकावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं, आणि हसता हसता हळूच स्वतःच्या कानाखाली बोट फिरवू लागलं.